रविवारची दोन दहाची बस

मंगळवार, ५ सप्टेंबर २००६

झाले एकदाची! मॅजिस्ट्रेट!

सकाळी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. भीती न बाळगता, कुणाची बाजू न घेता, माया किंवा राग मनात न धरता सर्वांना न्याय देईन — साधारण असा अर्थ. इंग्रजी शब्द आठवडाभर स्वयंपाक करताना पाठ केले होते, तरी ‘इल विल’ला अडखळले. कुणी हसलं नाही. बाहेर आमच्या नवरोबांनी, यतीनने, सतरा फोटो काढले, त्यातल्या अकरांत माझे डोळे मिटलेले!

कस्तुरी शाळेतून आली आणि पहिला प्रश्न — “आई, तुझी विग कुठे आहे?” सोळा वर्षांची झाली तरी विग ‘तो’ की ‘ती’ कळत नाही. म्हटलं, विग नाही, काळा झगा नाही, पगारही नाही. आम्ही वकील नसतो गं. साधी माणसं. तिघं मिळून बसतो, लहान गुन्ह्यांचे निकाल देतो, कायद्याचं काही अडलं तर सांगायला समोर लीगल अॅडव्हायझर असतो. “मग तुला काय मिळतं?” म्हणाली.

काय मिळतं! पुण्याहून इंग्लंडला आले तेव्हा पोस्टात रांगेत उभं राहून बोलायलाही घाबरायचे मी.

रविवार, १० सप्टेंबर

परवा पहिली बैठक. नेव्ही ब्लू सूट की राखाडी? यतीन म्हणतो, आरोपीला फरक पडत नाही. मला पडतो!

मंगळवार, १२ सप्टेंबर

आमचं कोर्ट शेजारच्या एका लहान गावात आहे. गावाचं नाव इथेही लिहीत नाही — ट्रेनिंगमध्ये बजावलंय, आणि सवय लागलेली बरी. गंमत म्हणजे या गावच्या लायब्ररीत मी अकरा वर्षं नोकरी केली आहे. मिल्टन कीन्समध्ये घर घेण्याआधी इथेच राहत होतो. गल्ली न् गल्ली पाठ.

आत गेलो तर कोर्टातले सगळे उभे राहिले. मी मागे वळून बघितलं — कोण आलं? आम्हीच आलो होतो!

मधल्या खुर्चीत अध्यक्ष — ईवा लेव्ही, सदुसष्ट वर्षांच्या, पांढरेशुभ्र आखूड केस. डावीकडे सायमन, निवृत्त सर्व्हेयर. उजवीकडे मी. बाजूच्यांनी कोर्टात बोलायचं नसतं, सगळं अध्यक्ष बोलतात. ठरवायचं मात्र तिघांनी, आतल्या खोलीत, आणि तिथे तिघांचं मत सारखंच.

आणि आता खरी बातमी! चहाच्या सुट्टीत आतल्या खोलीत ईवाबाईंनी माझा कप पुढे ओढला आणि अगदी सहज विचारलं — “साखर किती घालू?”

मराठीत! मी खुर्चीतून पडायचीच राहिले!

भायखळ्याच्या! बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. माहेरचं आडनाव दिवेकर. १९६३ साली लग्न होऊन लंडनला आल्या. “माझी आई गेली, त्यानंतर मराठीत बोलायला कुणी उरलंच नाही,” म्हणाल्या. “तुझं नाव यादीत वाचलं — वैजयंती — आणि म्हटलं, ही तरी बोलेल.” मी त्यांना तुम्ही-तुम्ही करते, त्या मला सरळ अगं-तूगं. सायमन बिचारा दोघींकडे आळीपाळीने बघत बिस्किट खात होता.

आजची एक केस लिहून ठेवते. चाळिशीचा माणूस. शिक्षा म्हणून एकशेवीस तास समाजकाम दिलं होतं, चार वेळा गेलाच नाही. त्याच्या वकिलाने कारणं सांगितली — पाठ, फोन हरवला, सासू आजारी. ईवाबाईंनी त्या माणसालाच विचारलं, “तुम्ही सांगा. का नाही गेलात?” त्याने वकिलाकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, “उठावंसं वाटलं नाही, मॅम. अंथरुणात पडून राहिलो.” वकिलाने डोक्याला हात लावला!

आत गेल्यावर सायमन म्हणाला, तुरुंग. ईवाबाई म्हणाल्या, “सकाळपासून इतकं खरं कुणी बोललं का? ह्यालाच आपण जास्त मारायचं?” शेवटी वीस तास वाढवले आणि एक संधी दिली. पण सोडलं मात्र नाही. तोंडावर सांगितलं, “पुन्हा झोपलात तर मी इतकी गोड बोलणार नाही.”

घरी येताना गाडीत मोठ्याने गाणं म्हणत आले.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

मराठी मंडळाच्या श्रीनिवासचा फोन. दिवाळीच्या कार्यक्रमात माझा सत्कार करणार! शाल, श्रीफळ! ‘आपल्यातली पहिली मॅजिस्ट्रेट’ — असं बॅनरवर लिहिणार म्हणे. मी तोंडदेखलं नको नको म्हटलं.

मंगळवार, २६ सप्टेंबर

आज पहिला खराखुरा खटला! साक्षी, उलटतपासणी, सगळं! आणि निकाल माझ्यामुळे झाला. हे बाहेर कुठे बोलायचं नसतं, इथे लिहितेय.

आरोपी गॅब्रिएला. हंगेरीची, तेवीस वर्षांची, इथल्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. आरोप चोरीचा — नव्वदीच्या एका आजींच्या बोटातली निळ्या खड्याची अंगठी. दिवस रविवार, १६ जुलै. आजींना काही आठवत नाही, त्यामुळे साक्ष एकच — केअर होमच्या मॅनेजर मिसेस हॅलम यांची. नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, दोन वाजता अंगठी बोटात होती. सव्वादोनला मी गॅब्रिएलाला त्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं. अडीचला अंगठी नव्हती.

गॅब्रिएला दुभाषी बाईंमार्फत म्हणाली, माझी ड्यूटी दोनला संपली. मी लगेच निघाले, कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलच्या स्टॉपवरून दोन दहाची बस पकडली. सव्वादोनला मी बसमध्ये होते. तिकीट जपून ठेवलं नव्हतं. तिच्या वकिलाने त्यापुढे काही विचारलं नाही. बसबद्दल दुसरं कुणी काहीच बोललं नाही.

आतल्या खोलीत ईवाबाई म्हणाल्या, “मला खात्री वाटत नाही, आणि खात्री नसेल तर निर्दोष.” सायमनचं ठरेना.

मग मी म्हटलं — रविवारी तिथून दोन दहाची बस नाहीच!

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं — किती वर्षं दर रविवारी मी त्या हॉस्पिटलमध्ये रुग्णांसाठी पुस्तकांची गाडी फिरवायला जायचे. परत यायला बसच नसायची. यतीन न्यायला यायचा. तो स्टॉप मला माझ्या घराच्या दारासारखा माहीत आहे!

ईवाबाईंनी विचारलं, “नक्की?”

“शंभर टक्के.”

“मग ती खोटं बोलतेय,” सायमन म्हणाला. दोन विरुद्ध एक. दोषी. शिक्षा १७ ऑक्टोबरला, प्रोबेशन अधिकाऱ्याचा तिच्याबद्दलचा रिपोर्ट आल्यावर.

ईवाबाईंनी निकाल वाचला तेव्हा ती मुलगी रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, “पण मी बसनेच गेले होते.” कुणाला उद्देशून, कोण जाणे.

मला स्वतःचा अभिमान वाटला. म्हणजे, वाईट वाटलं तिच्यासाठी, पण — पहिल्याच महिन्यात! सगळ्यांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट मला दिसली!

बुधवार, २७ सप्टेंबर

यतीनला नाव-गाव न सांगता एवढंच म्हटलं, काल माझं मत निर्णायक ठरलं. त्याने रसमलाईचा टिन उघडला.

रविवार, ८ ऑक्टोबर

 अक्षर बघ कसलं येतंय.

कस्तुरीला मैत्रिणीकडे सोडायला त्या गावात गेले होते. परत येताना हॉस्पिटलच्या राउंडअबाउटवर थांबले, उजवीकडून काही येतंय का बघायला. आणि बस आली.

सात नंबर. आत तीन-चार माणसं. खिडकीशी एक आजोबा टोपी मांडीवर घेऊन बसलेले. गाडीतलं घड्याळ — दोन बारा. मागचा हॉर्न वाजवत राहिला, मी हललेच नाही!

म्हटलं, आज काहीतरी खास असेल. मॅच असेल. पुढे गाडी लावली आणि स्टॉपपर्यंत चालत — नाही, पळत गेले. काचेमागे छापील वेळापत्रक. ‘रविवार. १४.१०.’ खाली बारीक अक्षरात — २ एप्रिलपासून नवी सेवा.

एप्रिल! चोरी जुलैतली. मी त्या स्टॉपवर शेवटची उभी राहिले त्याला तीन वर्षं होऊन गेली. तीन वर्षांत बस सुरू होऊ शकते हे मला सुचलंसुद्धा नाही!

घरी येऊन ट्रेनिंगची वही काढली. माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं — ‘स्वतःला माहीत असलेली स्थानिक गोष्ट निकालात वापरायची असेल तर आधी उघड कोर्टात सांगायची. दोन्ही बाजूंना उत्तर द्यायची संधी हवी.’ अधोरेखित केलं होतं मी! आणि खोलीत शिरल्यावर नुसता तोरा.

यतीनला सगळं सांगितलं. नियम मोडला, मोडू दे. तो शांतपणे म्हणाला, “बोललीस कुणाला?”

“नाही.”

“मग बोलू नकोस. एकटीने ठरवलंस का? तिघं होतात. आणि वैजू, तुला काढून टाकतील. शपथ घेऊन पाच आठवडे झालेत.”

माझ्या भल्यासाठीच बोलत होता. आणि मलाही तेच ऐकायचं होतं, हे लिहिलेलं बरं. मनात बॅनर आला. शाल आली. बस असली म्हणून ती बसमध्ये होतीच असं थोडंच आहे, असंही येऊन गेलं.

कस्तुरी जिन्यात उभी राहून ऐकत होती, आम्हाला पत्ताच नाही. म्हणाली, “आई, ती मुलगी आता काय करतो? तिचा जॉब गेली?”

व्याकरण सुधारायचं भानच राहिलं नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

सकाळी साडेआठला ईवाबाईंना फोन केला. एका दमात सांगून टाकलं — बस, वेळापत्रक, वही, सगळं. शेवटी म्हटलं, “चूक माझी आहे. मी राजीनामा देते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

मग म्हणाल्या, “राजीनाम्याने त्या मुलीला काय मिळणार? गाडी काढ आणि कोर्टात ये. मी पण येते.” आणि थोड्या वेळाने, “वैजयंती, मधल्या खुर्चीत मी होते. तू बसचं सांगितलंस तेव्हा लीगल अॅडव्हायझरला आत बोलवायला हवं होतं. वीस वर्षं हे काम करतेय. मी फक्त ‘नक्की?’ विचारलं. तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी.”

लीगल अॅडव्हायझरने ऐकून घेतलं. रागावला नाही, हसलाही नाही. म्हणाला, कायद्यात वाट आहे — कोर्टाला आपला निकाल स्वतःच मागे घेता येतो आणि खटला नव्या तिघांपुढे पहिल्यापासून चालवता येतो. दोन्ही वकिलांना आजच कळवतो. हे एखाद्या पत्रानेही करता येईल, ‘तांत्रिक कारणास्तव’ म्हणून.

ईवाबाई म्हणाल्या, “दोषी आहे हे तिला सगळ्यांसमोर सांगितलं. चुकलो हेही सगळ्यांसमोरच सांगायचं.”

पार्किंगमध्ये मला रडू फुटलं. आणि रडताना हलकं वाटत होतं, हे विचित्रच!

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

सायमनलाही कळवलंय. त्याचा ईमेल एका ओळीचा — ‘मीही विचारायला हवं होतं.’

सोमवार, १६ ऑक्टोबर

उद्या. सूटला दोनदा इस्त्री केली. यतीन म्हणाला, “मी येऊन मागे बसू का?” त्या रविवारनंतर हा विषय त्याने पहिल्यांदाच काढला. म्हटलं, नको, तू दिसलास तर मी रडेन.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

सगळं आठवतंय तोवर लिहून घेते!

गॅब्रिएला त्याच काळ्या कार्डिगनमध्ये. बॅग भरून आणलेली — मोठी, प्रवासाची. तुरुंगात जावं लागेल म्हणून; वकिलाचा निरोप तिला पोचलाच नव्हता बहुतेक.  मागच्या बाकावर चार-पाच माणसं. स्थानिक पेपरचा रिपोर्टर, दोन विद्यार्थी, आणि शिक्षा ऐकायला आलेल्या मिसेस हॅलम, पर्स मांडीवर घट्ट धरून.

सगळे बसले. ईवाबाईंनी समोर कागद ठेवला होता. त्याकडे बघितलंच नाही.

म्हणाल्या, “मिस गॅब्रिएला, आज तुम्हाला शिक्षा होणार नाही. तुम्हाला दोषी ठरवताना आम्ही एक गोष्ट खरी धरली. ती आम्ही तुम्हाला सांगितली नाही, त्यामुळे तुम्हाला उत्तर देता आलं नाही. ती गोष्ट चुकीची होती. रविवारी दोन दहाची बस आहे. निकाल आम्ही मागे घेतोय. तुमचा खटला आता दुसरे तीन मॅजिस्ट्रेट पहिल्यापासून ऐकतील. ही चूक या बेंचची आहे, तुमची नाही. मी तुमची माफी मागते.”

 वकिलाचं पेन थांबलं. रिपोर्टरचं मात्र धावायला लागलं.

मुलीला कळेचना. दुभाषी बाईंनी सावकाश तिच्या भाषेत सांगितलं. तिने ऐकलं, आमच्याकडे बघितलं — तिघांकडे, एकेक करून. माझ्याकडे बघितलं तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, मी! ती मी! पण बाजूच्यांनी बोलायचं नसतं. मी नजर खाली घेतली नाही, एवढंच मला करता आलं. मग ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी बॅग मिठीत धरली.

आतल्या खोलीत गेल्यावर मी ईवाबाईंना विचारलं, “माझं नाव का नाही घेतलंत?”

“‘आम्ही’ म्हटलं ना? त्यात एका शब्दाचंही खोटं नाही. तुझं नाव घेऊन तिला काय मिळालं असतं?” चष्मा पुसत होत्या. एकच काच, पुन्हा पुन्हा. मला तोवर वाटत होतं की त्यांना हे सगळं सोपं जातं. “वीस वर्षांत पहिल्यांदा माफी मागितली त्या खुर्चीतून,” म्हणाल्या. “आधी कितीदा मागायला हवी होती, देव जाणे.”

घरी येताना गाडीचा वेग मर्यादेच्या आत ठेवायला कष्ट पडले. छाती फुटेल इतका आनंद — लाज आहेच, ती कुठे गेलेली नाही, पण तिच्या शेजारी हा आनंद! ती बॅग तिने घरी परत नेली! घरी!

गुरुवार, १९ ऑक्टोबर

पेपरात आतल्या पानावर चार इंच. ‘मॅजिस्ट्रेटची आरोपीकडे माफी.’ यतीनने कापून फ्रिजवर लावलं. माझं नाव कुठेच नाही, तरी लावलं.

शनिवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. श्रीनिवासला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, सत्कार नको, यंदा तरी नको. कारण सांगता येईना. त्याला वाटलं, मी भाव खातेय! बॅनर छापून झाला होता. त्याच्या मागच्या बाजूवर मुलांनी रांगोळीचे रंग सांडले. चिवडा मात्र झकास होता.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

आमच्या भागातल्या सगळ्या मॅजिस्ट्रेटच्या प्रमुखांनी बोलावलं. तासभर प्रश्न. सगळं जसं झालं तसं सांगितलं, स्वतःला वाचवायचा प्रयत्न केला नाही. निकाल — दोन महिने कोर्टात बसायचं नाही, ट्रेनिंग पुन्हा, मग ईवाबाईंच्या देखरेखीखाली परत यायचं.

काढलं नाही! काढलं नाही!!

बाहेर आल्यावर त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, “पुढच्या वेळी इतकी खात्री वाटली तर आधी दार उघडून कुणाला तरी विचारा.”

शनिवार, ४ नोव्हेंबर

गॅब्रिएलाचा खटला २१ तारखेला, नव्या तिघांपुढे. तिथे मी जाणं योग्य नाही. ती खरोखर निर्दोष आहे का, हे मला आजही माहीत नाही. बस आहे इतकंच माहीत आहे. कस्तुरीला हे सांगितलं तर ती चकित झाली — “म्हणजे एवढी मोठी सॉरी, आणि तरी तिने चोरली असू शकते?” हो. तरीही सॉरी.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

ईवाबाईंचा आत्ता फोन आला, लीगल अॅडव्हायझरकडून सगळं ऐकून. गॅब्रिएला निर्दोष!

मिसेस हॅलमना साक्षीला बोलावलं. सव्वादोनला खोलीतून कोण बाहेर आलं, असं विचारलं. त्यांनी हातातली पर्स खाली ठेवली. मग म्हणाल्या, “मी कुणालाच पाहिलं नाही. त्या दुपारी मी तिथे नव्हतेच. ड्यूटी सोडून घरी गेले होते, ते लपवायला तिचं नाव घेतलं.” हे आजच का सांगताय, असं विचारल्यावर रिकाम्या मागच्या बाकाकडे बोट दाखवलं — “त्या दिवशी मी तिथे बसले होते. तुमच्यातल्या त्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, आम्ही चुकलो.”